एकघरी साचा

साचा विकत घेणं म्हणजे पोकळी विकत घेणं,
हे दुकानदार सांगत नाहीत.
ते सांगतात, सहा घरांचा घ्या हाल्वर,
तासाला तीनशे गोळ्या पडतील.
तीनशेचं काय लोणचं घालायचंय मला?

टेबलावर तीन कॅटलॉग उघडे.
बाहेर टीटन नदीच्या कडेला अजून बर्फाचा पापुद्रा,
आणि सिग्नेच्या मधाच्या पेट्यांभोवती
काल रात्री पुन्हा पाऊल उमटलंय,
माझे दोन तळवे मावतील एवढं.
विजेचं कुंपण आहे. मिरचीचा फवारा आहे.
त्याही पलीकडे, अगदीच वेळ आली तर,
तिच्या कमरेला पंचेचाळीसचं रिव्हॉल्व्हर आहे.
"बाबा, जड गोळी," एवढंच म्हणाली
आणि बूट चढवून निघून गेली.

जड म्हणजे किती?
तीनशे साठ ग्रेनची पाहिली. नाक इतकं लांब
की सिलिंडरमधून बाहेर डोकावेल
आणि चक्र फिरायचंच नाही.
अस्वलापुढे अडलेलं रिव्हॉल्व्हर म्हणजे
महागातला धोंडा.
तीनशे वीस बसते. नाक चपटं, रुंद,
तोंडावर बोलणाऱ्या माणसासारखं.
सिलिंडरच्या सहाही तोंडांचं माप घेतलं:
पाच सारखी, सहावं केसभर ऐसपैस.
प्रत्येक घरात असतोच एक.

पितळी साचा देखणा, ऊब धरून ठेवतो,
पण या मनगटाला पंधरा मिनिटं दिलीत
तर माझंच पितळ उघडं पडेल.
अॅल्युमिनियम लवकर तापतं, लवकर रुसतं.
लोखंड गंजतं. गंज मला कळतो.

शिसं घरचंच आहे.
चौतीस वर्षं मी 'व्हॅली क्लॅरियन' लायनोटाइपवर ओतला.
पेपर बंद पडला तेव्हा थकलेल्या पगारापोटी
मालकांनी ओळींनी भरलेल्या नऊ बादल्या दिल्या.
लिलाव, लग्नं, गव्हाचे भाव, हरवलेली कुत्री,
सगळं उलट्या अक्षरांत.
मला उलटं वाचायला सरळपेक्षा कमी वेळ लागतो,
म्हणूनच बहुधा रिकाम्या साच्यात पाहिलं
की मला गोळी दिसते.
नुसतं छपाईचं शिसं मात्र ठिसूळ,
हाडावर काचेसारखं फुटेल.
त्यात निम्मं चर्चच्या छपराचं, मऊ.

बादली उपसताना ती ओळ हाती लागली.
सदुसष्ट साली मी एमेट सोर्लीला मारलं होतं,
म्हणजे वारला त्याचा भाऊ, नाव जुळवलं मी याचं.
पुढच्या गुरुवारी, पान दोन, अगदी तळाशी:
श्री. एमेट सोर्ली हयात आहेत. क्षमस्व.
तो त्यानंतर एकवीस वर्षं जगला
आणि रस्त्यात दिसलो की टोपी काढून म्हणायचा,
"अजून आहे."

रात्री सिग्नेला विचारलं,
मागच्या गोळ्यांतल्या किती उरल्या?
तिनं सिलिंडर उघडून टेबलावर उपडं केलं.
सहा. आठ वर्षांपूर्वीच्या.
काडतुसांवर हिरवट डाग, एकीच्या नाकाला सुकलेला मध.
"म्हणजे झाडलीस किती?"
"एकही नाही."

कॅटलॉग मिटले.
लोखंडी. तीनशे वीस. एकघरी.
एक ओतायची, थांबायचं,
टॉवेलवर पडू द्यायची, उजेडात धरून पाहायची,
कड बसलेली नसली तर परत भांड्यात.
सकाळभरात वीस जमल्या तरी पुष्कळ.

साचा मंगळवारी येईल.
ओळ खिशात आहे, टाकावी की नाही ठरत नाही.
टाकली तर क्षणभर वर तरंगेल,
मग कडेनं गोल होत जाईल,
आणि कुठल्या गोळीत 'हयात' गेलं,
कुठल्या गोळीत 'क्षमस्व',
मलासुद्धा वाचता येणार नाही.

सिग्ने म्हणते, टाका बाबा,
दोन्ही शब्द कामाचे आहेत.